मोजा क्रमांक सतरा

पद्मजा चौगुलेने अकरा वर्षांत साडेचार हजार माणसांच्या पायांतल्या नसा तपासल्या होत्या. सख्ख्या भावाने मात्र तिला आपल्या पायाला हात लावू दिला नव्हता.

मिरजेतल्या एका जुन्या रुग्णालयात, तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ती नसतपासणीची तंत्रज्ञ होती. पूर्वी ही तपासणी म्हणजे विजेचे चटके. गुडघ्यामागे चटका द्यायचा आणि तो पावलापर्यंत किती वेळात पोचतो ते बघायचं. धडधाकट गडीसुद्धा खाटेवर उठून बसत. दोन वर्षांपूर्वी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. एस्तेर भोसले आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली चार पोरंपोरी यांनी मिळून चांदीच्या तारेने विणलेला एक गुडघ्यापर्यंतचा मोजा तयार केला. तो पायात चढवला की नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग पडद्यावर आपोआप उमटायचा. चटका नाही, सुई नाही. झोपेतही घालता यायचा आणि जिथे फोनला रेंज असेल तिथून आकडे मिरजेला पाठवायचा. त्याला भारदस्त इंग्रजी नाव द्यायचा बेत होता, पण पद्मजा म्हणाली, "मोजाच म्हणा की मॅडम. घालायचाही मोजा आणि करायचं तेही मोजा." तेच नाव पडलं.

निरोगी पायात संदेश सेकंदाला पन्नास मीटर धावतो. पद्मजाच्या माहेरी, म्हणजे खरं तर आईच्या माहेरी, तो बहुधा पस्तीसच्या आसपास असावा, हे तिला मोजल्याशिवायच कळत होतं. त्या घराण्यातल्या पुरुषांच्या पोटऱ्या बारीक, पावलांना उंच कमान, बोटं आत वळलेली. गावात त्यांना 'करकोच्याच्या पायाचे' म्हणत. तिचा धाकटा भाऊ अभिनंदन मगदूम सत्तावीस वर्षांचा होता, विजेच्या केबलींचा इंजिनिअर होता, आणि उन्हाळ्यातही फुल पँटच घालायचा. त्याचे बूट बाहेरच्या कडेने झिजायचे. उंबऱ्याला ठेच लागली की तो आधी कोणी पाहिलं का ते बघायचा.

एप्रिलमध्ये त्याला लडाखमधल्या एका मोठ्या सौर प्रकल्पावर नोकरी लागली. चौदा हजार फुटांवर, जूनपासून. पेढे घेऊन तो आईसोबत बहिणीकडे आला, आणि पद्मजाचा पेढा हातातच राहिला. त्याचं कारण आठवड्यापूर्वी घडलेली एक गोष्ट.

ती गोष्ट अशी. दुपारच्या जेवणात डॉ. एस्तेर वंशावळींबद्दल बोलत होत्या, आणि पद्मजा सहज म्हणून गेली, "आमच्या जिनूमामाची वाचा गेली होती लहानपणी. विषमज्वर झाला, ताप चढला आणि दोन दिवस मुका. मग आपोआप बोलायला लागला. आजीने जैन बस्तीतल्या देवाला नवस केला होता."

डॉ. एस्तेरनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मामा आईकडचा? पाय बारीक?"

"हो."

"पद्मजा, मला दहा मिनिटं दे." आणि भाकरी तशीच ठेवून त्यांनी समोरच्या कागदावर चित्र काढायला घेतलं.

नस म्हणजे तार, त्या म्हणाल्या. तारेला वेष्टण लागतं. ते वेष्टण करणारी पेशी तारेभोवती पदरावर पदर गुंडाळत जाते, आणि आतल्या पदरापर्यंत मीठपाणी पोचावं म्हणून पदरापदरात बारीक दारं ठेवते. ती दारं बनवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते, आणि ते जनुक आईकडून मुलाला मिळणाऱ्या 'क्ष' गुणसूत्रावर असतं. कृतीत चूक असली की दारं नीट उघडत नाहीत, वेष्टण हळूहळू खराब होतं. सगळ्यात लांब तारा पायाच्या, म्हणून आधी पाय. बायकांकडे त्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हणून त्यांचं निभावून जातं.

"हे आपल्याला ठाऊक आहे," पद्मजा म्हणाली.

"पुढचं ऐक. हीच दारं मेंदूतही आहेत. मेंदूत वेष्टण करणाऱ्या पेशी वेगळ्या, पण दार तेच. तिथे निसर्गाने जोडीला दुसऱ्या बनावटीचं दार दिलंय, म्हणून रोजचं काम चालतं. पण जोराचा ताप आला, किंवा माणूस पटकन उंचावर गेला आणि प्राणवायू कमी पडला, की दुसरं दारही मिटतं. पाणी आत अडकतं, वेष्टण फुगतं, संदेश थांबतो. वाचा जाते, हात पडतो. आणि कारण दूर झालं की सगळं परत येतं. तुझ्या मामाचं झालं ते हेच असणार. जगात अशा केसेस मोजक्याच नोंदल्या आहेत." त्यांचे डोळे चमकत होते. "आणि मला एक शंका आहे. मेंदूत दार मिटायच्या आधी पायात मिटत असणार. काही तास, कदाचित दोन दिवस आधी. म्हणजे पाय आपल्याला मेंदूची बातमी आधी सांगेल. फक्त कोणीतरी त्या वेळी मोजा घातलेला हवा."

म्हणून पद्मजाचा पेढा हातात राहिला होता. तिने भावाला सगळं सांगितलं. आधी तपासणी कर, मग जा. नाहीतर जाऊच नको.

अभिनंदन शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अक्का, तुझ्या त्या मोज्यात पाय घातला की मी माणूस राहत नाही, पेशंट होतो. कंपनीला कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील. आयुष्यभर सपाटीवर राहिलो. एकदा वर जातोय तर जाऊ दे."

आईने, त्रिशलाबाईंनी, त्याचीच बाजू घेतली. "जिनूचं कुणाला सांगू नगंस म्हणून किती येळा बजावलं तुला. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. याचं लगीन व्हायचंय अजून. उद्या तुझ्या पोरीचं निघंल. खोट हाय म्हणून दारात कोण उभं ऱ्हाईल?"

शब्दाने शब्द वाढला. अभिनंदन पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून निघून गेला. त्यानंतर दोन महिने बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. त्याच आठवड्यात विभागातला सतरा नंबरचा मोजाही हरवला. पद्मजाने सगळी कपाटं उपसली आणि शेवटी रजिस्टरमध्ये 'गहाळ' लिहून सही केली.

जूनमधल्या एका मंगळवारी त्रिशलाबाई डोळे दाखवायला मिरजेला आल्या होत्या. अभिनंदन शनिवारीच लडाखला पोचल्याचं पद्मजाला त्यांच्याकडूनच कळलं होतं. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे सगळं धूसर दिसत होतं. लेकीच्या खोलीत स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी पद्मजाचा फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे एक बाई हिंदीत बोलत होत्या.

"मी डॉ. आंगमो, लडाखच्या सौर प्रकल्पाचा दवाखाना. अभिनंदन मगदूम तुमचे भाऊ? त्यांच्या फॉर्मवर तुमचं नाव आहे. घाबरू नका, जिवंत आहेत. पण दहा वाजून दहा मिनिटांनी काम करता करता उजवा हात लुळा पडला, बोलणं बंद झालं. आमचं स्कॅन यंत्र सांगतंय की मेंदूत रक्ताची गुठळी आहे, पक्षाघात. मला गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागेल. लवकर दिलं तर हात वाचेल. तुमची संमती हवी."

पद्मजाने घड्याळ बघितलं. मग विचारलं, "मॅडम, औषध दिल्यावर त्याला खाली आणता येईल?"

"नाही. चोवीस तास हलवता येणार नाही, रक्तस्रावाची भीती असते. हवाई रुग्णवाहिका एक वाजेपर्यंतच उडेल. दुपारी वारा सुटतो."

"मग देऊ नका. अजून नको. हा पक्षाघात नाही, असं मला वाटतं."

पलीकडून प्रश्न आला. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. तंत्रज्ञ आहे. नसा मोजते. मॅडम, त्याची पावलं बघा. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारून बघा."

डॉ. आंगमो भल्या बाई होत्या. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पायातून बूट ओढल्याचा. "कमान उंच आहे," त्या परत आल्या. "पाय उडत नाही. दोन्हीकडे नाही. म्हणजे जुना आजार आहे. त्यांनी फॉर्मवर लिहिलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांच्या पायात एक विचित्र मोजा आहे. चमकणारा. लोकरीच्या मोज्याच्या आत. त्यावर सतरा लिहिलंय."

पद्मजा खुर्चीतून उठली. "फोन चालू ठेवा," एवढंच म्हणून ती संगणकाकडे धावली. गहाळ म्हणून सतरा नंबर तिनेच यादीतून काढून टाकला होता, त्यामुळे त्याचे आकडे बेवारस नोंदींच्या ढिगात पडले होते. तिने तो ढीग उघडला. अठ्ठावन्न दिवस. रोज रात्री दहा ते सकाळी सहा, आणि गेले तीन दिवस चोवीस तास. भावाला भीती वाटत होती, आणि ती कुणाला न सांगता त्याने विभागातून मोजा उचलून नेला होता; रोज रात्री तो पायात चढवून झोपत होता.

पहिले पंचावन्न दिवस पडद्यावरची रेघ सरळ होती. चौतीस मीटर, चौतीस, पस्तीस. रविवारी दुपारी ती वाकली होती. एकतीस. सोमवारी सकाळी अठ्ठावीस. आज नऊ वाजता एकवीस.

तिने डॉ. एस्तेरना बोलावून घेतलं. त्या बाह्यरुग्ण विभागातून निम्मी तपासणी टाकून जवळजवळ पळतच आल्या. रेघ पाहिली आणि टेबलाचा काठ धरून उभ्या राहिल्या. "दोन दिवस," त्या पुटपुटल्या. "दोन दिवस आधी पायाने सांगितलं होतं." मग त्यांनी फोन हातात घेतला.

दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झपाझप झालं. स्कॅनमधला डाग एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे? आंगमो म्हणाल्या, यंत्र डावीकडचा डाग दाखवतंय, पण नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर उजवीकडेही तसाच आहे, फिकट. एस्तेर म्हणाल्या, गुठळी अशी आरशात पाहिल्यासारखी दोन्हीकडे होत नाही. आंगमो म्हणाल्या, कबूल, पण यंत्राने शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर सांगितलंय. तुमचं म्हणणं चुकलं आणि मी औषध दिलं नाही, तर या मुलाचा हात कायमचा जाईल. तुमच्याकडे आणखी काय आहे? याच घरातलं आणखी कोणी असं आजारी पडलंय?

डॉ. एस्तेरनी पद्मजाकडे पाहिलं. पद्मजाने आईकडे पाहिलं.

त्रिशलाबाईंनी डोळे उघडले होते. त्यांना कोणाचेच चेहरे नीट दिसत नव्हते. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जिनूला फोन लाव."

जिनपालमामा बेदाण्याच्या शेडवर होता. वय बासष्ट. त्याला काही समजायच्या आत बहीण म्हणाली, "जिनू, तुझी वाचा गेली हुती तवाचं समदं सांग. डॉक्टर ऐकत्यात. काय बी लपवू नगंस. आपल्या अभ्याचा जीव टांगलाय."

मामा शेडबाहेर आला. मग सांगू लागला, आणि पद्मजा त्याचं हिंदी करून लडाखला ऐकवू लागली. "ताप लई हुता. सकाळी उजवा हात उचलंना. तोंडातनं शबुद फुटंना, पर आत समदं कळत हुतं. दुपारी उजवा हात आला, आन डावा गेला. रातच्याला परत उजवा. आई म्हनली, भूत अंगात येरझाऱ्या घालतंय."

"थांबा," डॉ. एस्तेर म्हणाल्या. "हात बदलला? नक्की?"

"व्हय ओ बाई. माजाच हात हुता न्हवं."

डॉ. एस्तेर फोनकडे वाकल्या. "डॉ. आंगमो, गुठळीने गेलेला हात असा तासातासाला बाजू बदलत नाही. दारं मिटताना आणि उघडताना बदलतो. त्याला पूर्ण प्राणवायू द्या आणि वीस मिनिटं थांबा. औषधाची वेळ अजून टळलेली नाही. वीस मिनिटांत काही फरक पडला नाही तर तुमचा निर्णय अंतिम."

"वीस मिनिटं," आंगमो म्हणाल्या. "त्यापुढे एकही नाही."

ती वीस मिनिटं पद्मजाने पडद्यासमोर उभं राहून काढली. मोजा अभिनंदनच्या पायातच होता. एकवीस. एकवीस. वीस. तिच्या मनात आलं, आपण चुकलो असलो तर हा हात आयुष्यभर आपल्यामुळे लुळा. आई शेजारी येऊन उभी राहिली होती आणि विचारत होती, "किती म्हणतंय गं? मला दिसंना." पद्मजा मोठ्याने आकडे वाचू लागली. बावीस. बावीस. तेवीस.

सोळाव्या मिनिटाला आंगमोंचा आवाज आला. आता त्यात डॉक्टरी कोरडेपणा उरला नव्हता. "त्यांनी उजवा हात उचलला. माझं मनगट धरलंय." आणि दोन क्षणांनी, "डावा हात पडला. आत्ता, माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात तसाच."

डॉ. एस्तेरनी डोळे मिटून श्वास सोडला. "खाली आणा त्याला," त्या म्हणाल्या. "जितकं खाली नेता येईल तितकं."

हवाई रुग्णवाहिका बारा चाळीसला उडाली. चंडीगडला उतरेपर्यंत मोज्याचा आकडा एकोणतीसवर आला होता. संध्याकाळी साडेसहाला तिथल्या नर्सने फोन जोडून दिला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग जड जिभेने, एकेक अक्षर लावत, अभिनंदन म्हणाला, "अ-क्का. भू-क."

त्रिशलाबाई फोन हिसकावून घेऊन रडल्या, आणि मग लगेच नर्सला विचारू लागल्या की तिथे मऊ भात मिळतो का.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विभागात कोणी यायच्या आधी, पद्मजाने स्वतःच्या पायात मोजा चढवला. अकरा वर्षांत स्वतःची नस मोजायची ही पहिलीच वेळ. बेचाळीस. तिने तो आकडा वंशावळीत स्वतःच्या नावाखाली लिहिला आणि दार उघडून पहिल्या पेशंटला आत घेतलं.

पुढचं दीड वर्ष वाऱ्यासारखं गेलं. त्या आजारावरचं जनुकीय औषध मुंबईत आणि परदेशात चाचणीच्या टप्प्यावर होतं. विषाणूच्या रिकाम्या कवचात बरोबर कृती भरून ती पेशींपर्यंत पोचवायची. पण ते फक्त पायाच्या नसांसाठी म्हणून मांडलेलं होतं. सतरा नंबरच्या मोज्याच्या अठ्ठावन्न दिवसांच्या आकड्यांमुळे पायाचा आजार आणि मेंदूचा आजार एकाच दाराचे आहेत हे कागदावर सिद्ध झालं, आणि चाचणीचा मार्गच बदलला. औषध आता पाठीच्या मणक्यातून, मेंदूभोवतीच्या पाण्यात द्यायचं ठरलं, म्हणजे ते दोन्हीकडे पोचेल. पहिल्या नऊ जणांत अभिनंदनचं नाव होतं.

त्रिशलाबाई वेगळ्याच कामाला लागल्या. मोज्यांची पिशवी घेऊन त्या माहेरच्या सगळ्या शाखांमध्ये फिरल्या. कवठ्याला, जतला, सीमेपलीकडे अथणीला. एका घरात भाचेसून म्हणाली, "आत्याबाई, असलं चारचौघांत कशाला? पोरींची लग्नं व्हायचीत." त्रिशलाबाईंनी तिच्या सासऱ्याच्या पायात मोजा चढवता चढवता सांगितलं, "मी बी असंच म्हनत हुते. लेकाची वाचा गेली तवा माझी आली." त्या घरात आजाराची चार माणसं निघाली. एकूण एकतीस.

फेब्रुवारीत, औषध दिल्याला सहा महिने झाल्यावर, पुण्यात शेवटची परीक्षा झाली. काचेची एक खोली, जिच्यातला प्राणवायू हळूहळू कमी करून आत बसलेल्या माणसाला हव्या त्या उंचीवर नेता येतं. बाहेर दोन भूलतज्ज्ञ तयारीत. आत खुर्चीवर अभिनंदन, दोन्ही पायांत मोजे, आणि अंगात हाफ पँट. बाहेर पडद्यासमोर पद्मजा, तिच्यामागे डॉ. एस्तेर आणि आई.

"बोलत राहायचं," डॉ. एस्तेरनी माइकमधून बजावलं. "विषय कोणताही. जीभ अडखळली तर आम्हाला पहिल्यांदा कळलं पाहिजे."

सहा हजार फुटांपर्यंत त्याने एकोणतीसचा पाढा म्हटला. नऊ हजारांपर्यंत प्रकल्पावरच्या स्वयंपाक्याच्या नावाने खडे फोडले. अकरा हजारांवर तो थांबला आणि सगळे पुढे झुकले. पण आकडा हलला नव्हता. छत्तीस.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "विचार करतोय. त्या दिवशी बोलता येत नव्हतं ना, तेव्हा डोक्यात सगळं होतं. आंगमो मॅडम विचारत होत्या, नाव काय तुमचं. मला माहीत होतं, पण तोंडापर्यंत येत नव्हतं. वाटलं, आता हे असंच राहणार. आणि मग जे सांगायचं राहिलंय त्याची यादीच सुरू झाली डोक्यात. पहिला नंबर अक्काचा होता."

बारा हजार. छत्तीस.

"अक्का, मी दुसरीत होतो. शाळेतून घरी येताना सगळी पोरं पुढे पळायची. तू सातवीत, तुझ्या मैत्रिणी पण पळायच्या. तू मागे राहायचीस. दप्तर जड आहे म्हणायचीस, कधी काटा रुतलाय म्हणायचीस. ओढ्याच्या पुलावर बसून घ्यायचीस. माझ्यासाठी मुद्दाम हळू चालायचीस. मला तेव्हाच कळायचं. राग यायचा, म्हणून कधी बोललो नाही. त्या एप्रिलमध्ये तू जाऊ नको म्हणालीस, तेव्हा पण तोच राग आला. एवढंच सांगायचं राहिलं होतं."

तेरा हजार. पडद्यावरचा आकडा वाचायला पद्मजाला डोळे पुसावे लागले. छत्तीस. पस्तीस. छत्तीस.

डॉ. एस्तेरनी माइक तिच्यापुढे सरकवला.

"अभि," ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी मुद्दाम नव्हते रे चालत हळू. माझेसुद्धा पाय दुखायचे."

काचेआड अभिनंदन तिच्याकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला, खुर्चीचे हात धरून, खांदे हलेपर्यंत. आणि बाहेर आई डॉक्टरांना विचारत होती की हसलेलं चालतं का, की बोलायलाच पाहिजे. उंचीचा काटा चौदा हजारांवर टेकला आणि पुढे सरकला.